गाडी गरम का होते, आणि घरी काय करता येतं

“पाणी तर परवाच भरलं होतं, मग गाडी गरम झालीच कशी?” घाटाच्या कडेला बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाडीमालकांच्या तोंडी हमखास येणारा हा प्रश्न. या प्रश्नातच त्याचं अर्धं उत्तर आहे. इंजिनाभोवती फिरणारं पाणी बंदिस्त असतं. निरोगी गाडीत ते महिनोन्‌महिने तेवढंच राहतं. परवा भरावं लागलं, याचा अर्थ त्याआधी ते कुठेतरी गेलं होतं, आणि ज्या वाटेने गेलं ती वाट अजून उघडीच आहे. पाणी भरणं ही दुरुस्ती नाही. दुरुस्तीची सुरुवात दोन प्रश्नांनी होते : पाणी कुठे गेलं, आणि गाडी नेमकी कधी गरम होते?

या दोन प्रश्नांची उत्तरं घरच्या घरी, साध्या हत्यारांनी बऱ्याच अंशी शोधता येतात. त्यासाठी आधी इंजिनातल्या उष्णतेचा हिशेब समजून घेऊ.

१. उष्णता येते किती?

पेट्रोल जळताना जी ऊर्जा बाहेर पडते, तिचा ढोबळ मानाने तिसरा हिस्सा किंवा त्याहून कमीच चाकांच्या कामी येतो. साधारण तेवढीच उष्णता धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जाते. उरलेली इंजिनाच्या धातूत शिरते. जळणाऱ्या वायूंचं तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं, आणि ज्या अ‍ॅल्युमिनियमचा हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, बनलेला असतो ते ६६० अंशांच्या आतच वितळतं. हेड टिकतो, कारण त्याच्या पोकळ्यांतून पाणी सतत फिरत असतं आणि उष्णता उचलून नेत असतं.

किती उष्णता, ते पाहू. गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि ताशी ६० किलोमीटरने चालली आहे असं धरा. म्हणजे तासाला ४ लिटर पेट्रोल. एका लिटरमधून सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. ४ लिटरचे झाले १२८ मेगाज्यूल, म्हणजे सुमारे ३५ किलोवॅट. त्याचा तिसरा हिस्सा पाण्यात आला तर तो भरतो १२ किलोवॅट. आता रेडिएटर अजिबात काम करत नाही असं समजा. ५ लिटर पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापायला अशा वेळी किती वेळ लागेल? जेमतेम दोन मिनिटं. इंजिनाचा धातूही तापायचा असतो, म्हणून प्रत्यक्षात थोडा जास्त वेळ मिळतो, पण तो काही मिनिटांचाच. तापमानाचा काटा चढायला लागल्यावर ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ हा विचार महागात पडतो तो यामुळे.

घाटात हा हिशेब आणखी बिघडतो. खोपोलीहून खंडाळ्याला जाताना गाडी सुमारे ५०० मीटर वर चढते. माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन १४०० किलो असेल, तर निव्वळ हा चढ चढायला सुमारे ७ मेगाज्यूल काम करावं लागतं. चौथाच हिस्सा कामी येतो असं धरलं, तर त्यासाठी २७-२८ मेगाज्यूलचं, म्हणजे पाऊण लिटरहून अधिक पेट्रोल जादा जळतं. सपाटीवर दहा-बारा किलोमीटरना जितकं लागलं असतं, जवळजवळ तितकंच पुन्हा. उष्णता दुप्पट होते आणि गाडीचा वेग मात्र निम्म्यावर येतो, त्यामुळे समोरून येणारा वारा कमी पडतो. त्यात एसी चालू असेल तर एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच असतो. त्याने तापवलेली हवाच रेडिएटरला मिळते. घाट गाडी बिघडवत नाही. आधीपासून कमजोर असलेला भाग तो उघडा पाडतो.

२. पाण्याची फेरी

पंप पाण्याला ढकलतो. गॅरेजमध्ये या पंपाला ‘वॉटर बॉडी’ही म्हणतात. पाणी आधी इंजिनाचा खालचा भाग, म्हणजे ब्लॉक, आणि हेड यांतल्या पोकळ्यांतून फिरतं, मग थर्मोस्टॅटपाशी येतं. थर्मोस्टॅट हा मेण भरलेला छोटा वॉल्व्ह असतो. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांना पोहोचलं की मेण वितळून फुगतं आणि वॉल्व्ह उघडतो. तोवर पाणी इंजिनातच फिरत राहतं, म्हणजे थंड इंजिन लवकर तापतं. वॉल्व्ह उघडला की पाणी वरच्या होज पाइपमधून रेडिएटरमध्ये जातं, बारीक नळ्यांतून उतरताना हवेला उष्णता देतं आणि खालच्या होजमधून पंपाकडे परततं. गाडी वेगात असली तर वारा पुरतो. थांबलेली किंवा रेंगाळणारी असली तर विजेवरचा फॅन सुरू होतो, साधारण ९५ ते १०० अंशांच्या सुमाराला.

जुन्या अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनीत फॅन इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. इंजिन मंद झालं की फॅनही मंद, म्हणून घाटातल्या कोंडीत त्या गाड्या हमखास तापायच्या आणि डिकीत पाण्याचा कॅन असायचाच. आज कॅन बाळगावा लागत असेल, तर गाडीत दोष आहे असं समजावं.

३. झाकणाचं महत्त्व

या सगळ्या यंत्रणेतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे रेडिएटरचं झाकण. ते का महत्त्वाचं, हे स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर सांगतो. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळतं. कुकरच्या शिट्टीने दाब वाढवला की ते सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. गाडीच्या झाकणातली स्प्रिंग तेच करते. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो. तो दाब बार या एककात असतो, आणि कुकरचा दाबही जवळपास तेवढाच.

झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग ढिली पडली की दाब टिकत नाही. मग पाणी १०० अंशांनाच उकळू लागतं, आणि फॅन तर त्याच सुमाराला सुरू व्हायचा असतो. उंचावर परिस्थिती आणखी वाईट. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंच आहे, तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. म्हणजे ढिल्या झाकणाची गाडी खाली वाईत ठीक चालते आणि वर पोहोचता पोहोचता पाणी ओकते. कारण सापडत नसेल तर पहिला खर्च नव्या झाकणावर करावा. मात्र त्याच आकड्याचं झाकण घ्यावं. जास्त आकड्याचं बसवलं तर दाब जुन्या होजवर आणि रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीवर येतो.

मोटारींच्या सुरुवातीच्या काळात असं झाकण नव्हतं. कार्ल बेंझच्या पहिल्या गाडीत पाणी उकळून वाफ होऊन उडून जाई आणि तसंच इंजिन थंड राही. ऑगस्ट १८८८मध्ये त्याची पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला त्या गाडीतून गेली, तेव्हा शंभरेक किलोमीटरच्या वाटेत तिला जागोजागी पाणी भरत जावं लागलं. आपल्या गाड्या त्या पद्धतीपासून खूप पुढे आल्या आहेत, आणि त्यात या झाकणाचा वाटा मोठा आहे.

४. लाल दिवा लागला, आता लगेच काय?

काटा मध्याच्या थोडा वर गेला आहे, लाल झालेला नाही आणि तुम्ही कोंडीत अडकला आहात : एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात लावा, काचा खाली घ्या. मे महिन्यात हे असह्य वाटेल, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच असतो. तो इंजिनाची उष्णता गाडीतून बाहेर काढतो. हीटर थंड हवा फेकत असेल, तर मात्र पाणी संपलेलं आहे किंवा फिरत नाही. मग क्षणभरही पुढे जाऊ नका.

काटा लाल झाला किंवा बोनेटमधून वाफ आली : सुरक्षित जागी गाडी घ्या आणि इंजिन बंद करा. काटा वर जाऊन अचानक खाली आला तर सुटकेचा निःश्वास टाकू नका. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असायला हवा. पाणी निघून गेलं की तो वाफेत किंवा हवेत उघडा पडतो आणि खोटं सांगतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. झाकण उघडू नका. आत ११५ अंशांचं पाणी दाबाखाली शांत बसलेलं असतं. झाकण फिरवताच दाब जातो आणि वरचे १५ अंश वाफेच्या रूपाने बाहेर पडतात. ५ लिटरपैकी जेमतेम दीडशे मिलिलिटर पाण्याची वाफ होते, पण एवढ्याशा पाण्याची वाफ सव्वादोनशे लिटर जागा मागते. ती वाफ उरलेलं उकळतं पाणी बरोबर घेऊन तोंडावर आणि हातावर येते. हे भाजणं फार वाईट असतं. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा होज दाबून मऊ लागला आणि हात सहज ठेवता आला, की झाकणावर जाड फडकं ठेवून ते पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, फुसफुस थांबू द्या, मग काढा.

तापलेल्या इंजिनावर बाहेरून पाणी ओतू नका, आतही एकदम गार पाणी ओतू नका. अ‍ॅल्युमिनियमचा हेड अशाने तडकतो. इंजिन निवल्यावर ते चालू करून थोडं थोडं पाणी घाला. अडचणीच्या वेळी पिण्याचं कुठलंही स्वच्छ पाणी चालतं. नंतर ते काढून योग्य कूलंट भरायचं, हे मात्र विसरू नका.

५. गाडी कधी गरम होते?

डॉक्टर ताप किती हे पाहतो, तसं ताप कधी चढतो हेही विचारतो. गाडीच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न अधिक उपयोगी आहे, कारण पाण्याच्या फेरीतला प्रत्येक भाग वेगवेगळ्या वेळी कसोटीला लागतो. मेकॅनिककडे जाताना ‘गाडी गरम होते’ एवढंच सांगितलंत तर तो अंदाजाने भाग बदलत जाईल आणि बिल वाढत जाईल.

सिग्नलला, टोलनाक्याच्या रांगेत गरम होते आणि रस्ता मोकळा मिळाला की काटा खाली येतो? मग संशय फॅनवर. वेगात वारा फॅनची उणीव भरून काढतो.

याच्या उलट, शहरात ठीक चालते आणि हायवेला ताशी शंभरच्या आसपास काटा चढतो? तर फॅन निर्दोष आहे. तिथे भरपूर वारा असूनही उष्णता बाहेर पडत नाही, म्हणजे पाणी पुरेसं फिरत नाही. रेडिएटर आतून चोक झालेला असेल, थर्मोस्टॅट अर्धाच उघडत असेल, पंपाची पाती झिजली असतील. कधी खालचा होज मऊ पडलेला असतो आणि पंपाच्या ओढीने आत दबतो. इंजिन जोरात फिरवून कोणाला तरी तो होज पाहायला सांगितलं की हे लगेच कळतं.

सकाळी गाडी सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा वर जातो? थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे, किंवा आत पाणीच फार कमी आहे, किंवा हेड आणि ब्लॉकमधली हेड गॅस्केट गेली आहे. या तिन्हींत फरक कसा करायचा, ते पुढे येईल.

फक्त घाटात किंवा फक्त एसी लावल्यावर गरम होते? हे सर्वांत जास्त आढळणारं आणि सर्वांत फसवं लक्षण. कुठलाही एक भाग पूर्ण बंद पडलेला नसतो, पण यंत्रणेची ताकद थोडी थोडी कमी झालेली असते : रेडिएटरच्या पत्र्यांत चिखल, रेडिएटरच्या बाजूच्या बाटलीत पाणी कमी, झाकण ढिलं. माझं मत असं की अशा गाडीवर महागडे भाग बदलण्याआधी धुणं, झाकण आणि कूलंट या तीन गोष्टी कराव्यात. अनेकदा तेवढ्यात काम होतं.

६. घरच्या अंगणातली तपासणी

गाडी रात्रभर थंड झालेली असावी. आधी पाण्याची पातळी पाहा. काही गाड्यांत दाबाचं झाकण रेडिएटरवर असतं आणि बाजूची बाटली साधी असते. काहींत बाटलीवरचंच झाकण दाबाचं असतं. पहिल्या प्रकारात एक फसगत होते. बाटली भरलेली दिसते पण रेडिएटर रिकामा असतो. इंजिन निवताना रेडिएटर बाटलीतून पाणी परत ओढून घेतो. झाकणाचा आतला छोटा वॉल्व्ह किंवा जोडनळी खराब असेल तर ते ओढणं थांबतं. म्हणून थंड गाडीचं रेडिएटरचं झाकण काढून आत पाहाच. पाणी काठापर्यंत दिसायला हवं. निवलेल्या गाडीचा वरचा होज चपटा दिसला, तर दोषी तोच छोटा वॉल्व्ह.

पाणी कमी असेल तर गळती शोधा. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी डाग कुठे पडलाय त्यावरून जागा कळते. एसीचं पाणी बिनरंगी, बिनवासाचं असतं. कूलंट रंगीत, बोटांना बुळबुळीत आणि किंचित गोड वासाचं. होजच्या टोकांना, क्लिपांपाशी, रेडिएटरच्या प्लास्टिक-धातूच्या सांध्यावर वाळलेल्या कूलंटची पांढरी, हिरवी किंवा गुलाबी खपली दिसते का पाहा. पंपाच्या पोटाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथून ओघळ आला असेल तर पंपाचं सील गेलं आहे. समोरच्या सीटखालचा गालिचा ओला आणि काचांवर आतून चिकट धुकं असेल, तर गळती हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये आहे. क्लिप आवळणं, होज बदलणं ही घरची कामं. हळद टाकून गळती बुजवण्याची जी युक्ती ऐकायला मिळते, ती मात्र करू नका. हळद भोकापाशी बसते तशीच रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते.

फॅनची परीक्षा सोपी आहे. इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर रेडिएटरचा फॅनही फिरतो. फिरला तर मोटर आणि वायरिंग ठीक, दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या जोडणीत. फिरला नाही तर आधी फ्यूज पाहा, मग रिले. फ्यूजच्या डब्यात हॉर्नचा किंवा दुसरा रिले हुबेहूब त्याच क्रमांकाचा असेल, तर अदलाबदल करून पाहा. तरीही नाही, तर मोटर. विजेचा फॅन गरम गाडीत चावी बंद असतानाही अचानक फिरू शकतो, म्हणून बोटं आणि ओढणी, शर्टाची बाही त्यापासून दूर ठेवा. ‘फॅन डायरेक्ट करून टाकू’ असं काही ठिकाणी सुचवलं जातं, म्हणजे चावी लावली की फॅन कायम फिरणार. घरी पोहोचण्यापुरतं ते ठीक. कायमचं केलंत तर खरा दोष झाकला जातो आणि मोटर लवकर झिजते.

रेडिएटर बाहेरून धुणं हे पावसाळ्यानंतरचं ठरलेलं काम असावं. कोकणातला लाल चिखल, पंख असलेले किडे, कापसासारखा धुरळा हे सगळं कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतं. समोरून बघितलं तर सगळं स्वच्छ दिसतं. बागेच्या पाइपने इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने, हलक्या धारेने पाणी मारा. सर्व्हिस सेंटरमधली जोरदार धार जवळून मारली तर पातळ पत्रे वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

आता होजचा स्पर्श. इंजिन तापल्यावर वरच्या होजला जपून, फडक्याने हात लावा. काटा वर आणि वरचा होज गार, म्हणजे थर्मोस्टॅट उघडलेला नाही. वरचा होज चटका देणारा आणि खालचा अगदी गार, म्हणजे रेडिएटरमधून पाणी नीट जात नाही. लांबून तापमान मोजणारी बंदूक असेल तर रेडिएटरवर ठिकठिकाणी मोजा. मध्येच गार पट्टे सापडले तर तिथल्या नळ्या बुजल्या आहेत. कपाळाचा ताप मोजायचं यंत्र इथे उपयोगाचं नाही. ते माणसाच्या तापापुढे आकडा दाखवत नाही.

थर्मोस्टॅट काढता येण्याजोग्या जागी असेल, तर त्याची परीक्षा गॅसच्या शेगडीवर होते. जुन्या पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगून बुडवा, तळाला टेकू देऊ नका. शेजारी तापमापक धरा. त्यावर ८२ असं कोरलेलं असेल तर ८२च्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि साधारण दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. तापमापक नसेल तर एवढं पाहा : गार पाण्यात घट्ट बंद, पाणी खळखळून उकळण्याआधी उघडा. ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? थर्मोस्टॅट काढूनच टाकू’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन हवं तेवढं तापत नाही. गाडीचा कॉम्प्युटर इंजिन थंड आहे असं समजून जास्त पेट्रोल सोडतो. अ‍ॅव्हरेज पडतं, ऑइल खराब होतं. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅटच पाण्याचा आडमार्ग बंद करत असतो. तो काढला की पाणी रेडिएटरला वळसा घालून जातं आणि गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते. नवा थर्मोस्टॅट ही महाग वस्तू नाही.

७. कूलंट बदलताना

कूलंट हा शब्द ऐकला की ते पाण्यापेक्षा जास्त थंड करतं असं वाटतं. तसं नाही. उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस आहे. कूलंटमधला मुख्य घटक इथिलीन ग्लायकॉल, आणि तो पाण्याच्या जवळजवळ निम्मीच उष्णता धरतो. मग तो घालायचा कशाला? तो पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवतो, आणि त्याच्याबरोबरची रसायनं गंज रोखतात, पंपाचं सील जपतात. महाराष्ट्रात बोअरवेलचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. त्याचे क्षार तापलेल्या धातूवर बसतात आणि थर वाढत गेला की उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं, हे प्रमाण बहुतेक गाड्यांना चालतं.

इथे एक चूक सहज होते. गाडीत ५ लिटर मावतं. तुम्ही आतून साध्या पाण्याने धुतलंत आणि मग रेडिएटर खालून रिकामा केलात, तर इंजिनाच्या पोटात २ लिटर साधं पाणी राहूनच जातं. वरून तयार मिश्रण ३ लिटर ओतलंत तर त्यात ग्लायकॉल असतं दीड लिटर, म्हणजे एकूण ५ लिटरमध्ये फक्त ३० टक्के. अशा वेळी तयार मिश्रण न घेता घट्ट कूलंट घ्या. त्याचं अडीच लिटर आणि अर्धा लिटर डिस्टिल्ड पाणी घातलं की हिशेब जुळतो. रंगावरून कूलंट ओळखू नका. हिरवा, गुलाबी, निळा हे रंग प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने देते. गाडीच्या माहितीपुस्तकात लिहिलेला प्रकारच भरा आणि दोन प्रकार मिसळू नका.

भरल्यावर हवा काढणं तितकंच महत्त्वाचं. हेडमध्ये अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यापाशी धातूला पाणी लागत नाही आणि नव्या कूलंटची गाडीही तापते. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, थंड असतानाच झाकण काढून इंजिन चालू करा. बुडबुडे येत राहतील, पातळी खाली जाईल, तशी भर घाला. बुडबुडे थांबले आणि हीटर गरम हवा देऊ लागला की झाकण लावा. मग फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी, थंड गाडीत, पातळी पुन्हा पाहा. काही गाड्यांत हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो. तो कुठे आहे हे पुस्तकात पाहून घ्या.

इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मरतात. लहान मुलांनाही तोच धोका. सांडलेलं लगेच धुऊन काढा, जुनं कूलंट पिण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका, गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका. झाकणाच्या डब्यात भरून, जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्या.

८. घरचं काम कुठे संपतं

हेड गॅस्केट गेली असेल तर घरचं काम तिथेच थांबवा. ती जाते कशी? अ‍ॅल्युमिनियमचा ४० सेंटिमीटर लांबीचा हेड नेहमीपेक्षा १०० अंश जास्त तापला, तर तो सुमारे ०.९ मिलिमीटरने वाढतो. खालचा ब्लॉक बिडाचा असेल तर तो त्याच तापमानाला निम्माच वाढतो. दोघं बोल्टांनी घट्ट आवळलेले, त्यामुळे हेड वाकतो. अनेक इंजिनांत हेडचा वाक ०.०५ मिलिमीटरच्या वर गेला की तो चालत नाही. मधली गॅस्केट एवढी ओढाताण सोसू शकत नाही.

लक्षणं अशी : थंड गाडी सुरू केल्याबरोबर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा टणक होतो. झाकण काढलेल्या रेडिएटरमध्ये, हवा काढून झाल्यावरही, बुडबुडे येतच राहतात. इंजिन तापल्यानंतरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर थांबत नाही. पाणी कमी होतं, पण पुठ्ठ्यावर थेंबही नाही. ऑइलच्या काडीवर दुधी तपकिरी फेस दिसतो. फक्त ऑइलच्या झाकणाखाली जरासा फेस असेल तर घाबरू नका. पावसाळ्यात, छोट्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत तो दमटपणानेही येतो. खात्री करायची तर मेकॅनिककडे निळं तपासद्रव असतं. रेडिएटरच्या तोंडाशी धरल्यावर ते पिवळं झालं, तर इंजिनातला धूर पाण्यात येतो आहे.

हे काम चांगल्या मेकॅनिकचं आणि लेथवाल्याचं आहे. हेड उतरवला की तो सरळ आहे का हे मोजून घ्यायला सांगा, वाकलेला असेल तर फेसिंग करून घ्या, आणि तडा तपासल्याशिवाय पुन्हा बसवू देऊ नका. आणखी एक आग्रह धरा. गॅस्केट सहसा आपणहून जात नाही. आधी फॅन, झाकण, होज किंवा रेडिएटर यांपैकी काहीतरी बिघडतं, गाडी तापते, आणि मग गॅस्केट जाते. म्हणून गाडी ताब्यात घेताना मेकॅनिकला विचारा, ‘गॅस्केट बदललीत, पण ती गेली कशामुळे?’ त्याचं नेमकं उत्तर मिळेपर्यंत ती गाडी घेऊन घाटात जाऊ नका.